इंजिनातील दाब आणि इंधनाची मर्यादा

रत्नागिरीहून कोल्हापूरच्या रस्त्यास लागलेली मोटार हातखंबा, पाली, साखरपा ही गावे मागे टाकून आंबा घाटाच्या पायथ्याशी येते, तेव्हा तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. चढावर जुनी गाडी धापा टाकू लागली की तिच्या मालकास वाटते, हिला आणखी थोडा जोर हवा होता. मग कोणी जाणता सल्ला देतो, "हेड घासून घ्या, कॉम्प्रेशन वाढेल आणि गाडी पळू लागेल." हा सल्ला खोटा नव्हे, परंतु तो अर्धाच आहे, आणि उरलेले अर्धे न ऐकल्यास पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला तो माथ्याशी गेल्यावर उरणाऱ्या जागेने भागले की दाबाचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, मिळते. सिलिंडराचा व्यास ७६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६६ मिलिमीटर असेल, तर पिस्टन सुमारे ३०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. माथ्यावर ४० घन सेंटिमीटर जागा उरत असल्यास प्रमाण झाले ३४० भागिले ४०, म्हणजे साडेआठ. वरची जागा ३५ वर आणली की तेच प्रमाण साडेनऊच्या थोडे पुढे जाते. वरच्या पोकळीचे तोंड सिलिंडराएवढेच रुंद असेल, तर एवढ्यासाठी हेडाचा सुमारे १.१ मिलिमीटर जाडीचा थर काढावा लागतो.

एवढ्याशा थराने जोर का वाढावा? अधिक दाबून पेटविलेल्या वायूला नंतर अधिक पसरता येते, आणि पसरताना तो अधिक काम करतो. निकोलाउस ऑटो ह्या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावांचे इंजिन सिद्ध केले. त्या पद्धतीचा आदर्श हिशेब केला असता प्रमाण ४ असताना उष्णतेपैकी शेकडा ४३ भाग कामी येतो, ८ असताना ५६ आणि १२ असताना ६३. प्रत्यक्षात घर्षणामुळे व वाया जाणाऱ्या उष्णतेमुळे हाती पुष्कळच कमी पडते. शिवाय पहिल्या चार पायऱ्यांनी १३ भाग दिले, तर पुढल्या चारांनी केवळ ७, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता दुसरी बाजू. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे घरातील मुलांनाही ठाऊक असते. इंजिनातही दाबाबरोबर उष्णता वाढते. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपण होऊन भडकते आणि हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. हेच नॉकिंग. इंग्लंडात हॅरी रिकार्डो ह्यांनी दाबाचे प्रमाण बदलता येणारे इंजिन बनवून निरनिराळ्या इंधनांची सहनशक्ती मोजली. अमेरिकेत १९२१ साली टॉमस मिजली ह्यांना शिशाच्या एका संयुगाने ठोका थांबतो असे आढळले. पण शिसे विषारी; हिंदुस्थानात २००० साली असे पेट्रोल बंद झाले.

रत्नागिरीकराने आणखी एक गोष्ट ओळखली पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने तेथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. तेथे निमूट चालणारे इंजिन समुद्रकाठच्या दाट हवेत ठोकू लागले, तर नवल नाही.

म्हणजे दाब किती वाढवावा हे ठरविते ते इंधन. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा पुष्कळ मोटारी लोणारी कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. त्याने जोर बराच घटे. पण तो वायू सहजी ठोकत नसल्याने दाबाचे प्रमाण वाढवून गेलेल्या जोराचा काही अंश परत मिळविता येई. आज उसाच्या मळीपासून व रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळतात. तेही ठोक्यास चांगले दाद देत नाही. मात्र त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. त्यासाठीच आखलेल्या इंजिनात अधिक दाब ठेवून ही उणीव अंशतः भरून काढता येते.

तथापि हेड घासण्यापूर्वी मालकाने एक प्रश्न विचारावा: गाडीचा जोर मुळात कमी होता, की पुढे कमी झाला? बहुधा दुसरेच खरे असते. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, व्हॉल्व्ह नीट बसत नसतात आणि दाब निसटून जातो. प्लग काढून दाबमापक लावला की हे उघड होते. उलट माथ्यावर काजळी साठली असेल, तर तिनेच जागा अडवून प्रमाण वाढलेले असते व इंजिन ठोकत असते. तेथे हेड घासणे म्हणजे आगीत तेल ओतणे. शिवाय हेड खाली आल्याने व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याचा धोका वेगळाच, आणि काढलेला धातू परत बसविता येत नाही.

म्हणून रिंगा, व्हॉल्व्ह आणि काजळी ह्यांची निगा आधी. हेडाला हात त्यानंतर, आणि तोही जागा मोजून व इंधन पाहून. गेलेला दाब परत मिळाला, तर पुष्कळ गाड्या नवा दाब न मागताच घाट चढून जातील.