घरगुती ध्वनिमुद्रण: दोष कोठे शोधावा?

चंडीगढ हे सेक्टरांचे शहर आहे. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराच्या आराखड्यात साधारणतः ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा एकेक चौकोन म्हणजे एक सेक्टर होय. यांपैकी सेक्टर ३४ मध्ये एक विस्तीर्ण प्रदर्शन मैदान आहे आणि त्याच्या आसपास शिकवणी वर्ग, दुकाने व राहती घरे आहेत. १४ डिसेंबर २०२४ रोजी या मैदानावर दिलजित दोसांझ यांचा गायनाचा जाहीर कार्यक्रम झाला. तत्पूर्वी हे प्रकरण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेले होते आणि आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, या अटीवर कार्यक्रमास संमती मिळाली होती. ही मर्यादा पाळली गेली नाही, असे प्रशासनाने नंतर न्यायालयास कळविले.

आता याच सेक्टरमधील एखाद्या भाड्याच्या खोलीची कल्पना करावी. तेथे एक विद्यार्थिनी तानपुरा जुळवून बसली आहे. समोर मायक्रोफोन आहे, लॅपटॉपवर ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडलेले आहे आणि पडद्यावरील मापकावर उणे १८, उणे १२ असे आकडे हलत आहेत. हेही डेसिबलच आहेत. परंतु मैदानावरील डेसिबल शून्यापासून वर मोजले जातात, तर संगणकातील डेसिबल शून्याच्या खाली मोजले जातात. मैदानावरील शून्य म्हणजे कानाला जेमतेम ऐकू येईल असा सूक्ष्म ध्वनी. संगणकातील शून्य म्हणजे आकड्यांत मावू शकेल असा सर्वांत मोठा ध्वनी. हा फरक ठाऊक नसल्यामुळे नवशिका माणूस उणे आकडा पाहून आवाज कमी पडतो असे समजतो आणि बटण पिळीत जातो. घरगुती ध्वनिमुद्रणातील पहिली व सर्वांत महाग पडणारी चूक येथेच घडते.

मैदानावर मर्यादा ओलांडली तर शेजाऱ्यांची झोपमोड होते, पण ध्वनी अखंड राहतो. संगणकात मर्यादा ओलांडली तर ध्वनिलहरीचा माथाच छाटला जातो. शून्याच्या वरचा आकडा लिहावयास जागाच नसल्यामुळे गोलाकार शिखराच्या ठिकाणी सपाट पठार उमटते आणि कानाला ते फाटल्यासारखे लागते. मागाहून आवाज कितीही कमी केला तरी छाटलेला माथा परत येत नाही. फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो, इतकेच. यावरील उपाय सोपा आहे. २४ बिटांच्या मुद्रणात प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे तत्त्वतः १४४ डेसिबलांचा पल्ला मिळतो. तेव्हा सर्वांत वरच्या तानेलाही मापक उणे १२ च्या आसपास राहील असे ठेवण्यात काहीच गमावले जात नाही. मात्र चाचणी घेताना गुणगुणून भागत नाही; तारसप्तकातील सर्वांत चढा स्वर पूर्ण जोराने लावून पाहावा. तबल्याचे मुद्रण असेल तर ठेक्यावर विसंबू नये, तिहाईची खणखणीत थाप ऐकावी.

या उदाहरणातून एक नियम हाती लागतो. ध्वनी एका वाटेने प्रवास करतो: गळा, मायक्रोफोन, तार, ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणारा इंटरफेस, संगणकाची प्रणाली, सॉफ्टवेअर, साठवण आणि शेवटी हेडफोन. दोष दिसतो पडद्यावर, म्हणून सारा राग सॉफ्टवेअरवर निघतो. परंतु पुष्कळदा तो वाटेवर आधीच कोठेतरी शिरलेला असतो. म्हणून शोध उगमाकडून सुरू करावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत टिपून ठेवावे. एकदम चार बटणे फिरविणाऱ्याचा दोष कधी कधी नाहीसा होतो, पण तो कशाने गेला हे कळत नसल्यामुळे पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहतो.

पडद्यावर सरळ रेषच उमटते, ध्वनी मुळीच येत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा लागतो; ते बटण दाबले आहे की नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर संगणकाची परवानगी तपासावी. अलीकडच्या विंडोज व मॅक प्रणालींत सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची मुभा असावी लागते. ती नाकारली गेली असेल तर कसलीही सूचना न मिळता केवळ निःशब्द मुद्रण होऊ शकते. याच्या उलट प्रकार अधिक फसवा असतो. आवाज येतो, पण लांबून, खोलीत घुमल्यासारखा. अशा वेळी लॅपटॉपच्या कडेवर नखाने हलकेच टिचकी मारावी. ती मोठ्याने ऐकू आली तर समोरचा मायक्रोफोन बाजूला राहून लॅपटॉपमधील बारीक मायक्रोफोनच मुद्रण करीत आहे, हे सिद्ध होते.

दुसरी तक्रार दिरंगाईची. विद्यार्थिनी आधी मुद्रित केलेल्या ठेक्यावर गाऊ लागते आणि हेडफोनमध्ये तिचा स्वतःचा आवाज किंचित मागून येतो. त्यामुळे ती सम चुकते. संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून हाताळीत नाही, त्यांच्या ओंजळी भरून घेतो. या ओंजळीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असता १२८ नमुन्यांची ओंजळ भरावयास सुमारे २.७ सहस्रांश सेकंद लागतात, तर १०२४ नमुन्यांची भरावयास सुमारे २१ सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात हवेतील ध्वनी सात मीटरांहून थोडे अधिक अंतर चालून जातो. म्हणजे तबलजी शेजारच्या खोलीत बसल्यासारखे झाले. येताना व जाताना मिळून ही दिरंगाई दुपटीच्या वर जाते. म्हणून गाताना बफर लहान ठेवावा. तो फारच लहान केला तर मात्र संगणकाला दम लागतो आणि मुद्रणात टक्‌टक्‌ असे खडे पडतात. गायन संपवून मिश्रणास बसल्यावर बफर मोठा करावा. तेव्हा दिरंगाईने काही बिघडत नाही. इंटरफेसमध्ये आपला आवाज संगणकाच्या आतून न फिरविता थेट कानी घेण्याची सोय असेल तर तीच सर्वोत्तम. ब्लूटूथचे बिनतारी हेडफोन या कामास घेऊ नयेत. त्यांची दिरंगाई बफर बदलून जात नाही.

तिसरा दोष संगीतकाराला चक्रावून टाकतो. काळी एकमध्ये गायिलेले गाणे दुसऱ्या संगणकावर उतरलेले ऐकू येते, लयही रेंगाळते. गळा वा तानपुरा यांचा यात अपराध नसतो. मनुष्याच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो आकड्यांत पकडण्यासाठी सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० ही संख्या ठरली, तर चित्रफितींच्या व्यवहारात ४८,००० रूढ झाली. ४८,००० ने मुद्रित केलेले गाणे ४४,१०० चे समजून वाजविले की तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे सोळा सेकंदांचे होते आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वराने खाली येतो. काळी एक मग पांढरी सात व पांढरी एक यांच्या मध्येच कोठेतरी लोंबकळते. पेटीवर तिला पट्टीच सापडत नाही. येथे नमुने शाबूत असतात, केवळ त्यांचा वेग चुकीचा वाचलेला असतो. म्हणून हा दोष पूर्णपणे दुरुस्त होतो. इंटरफेस, प्रणाली व सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी एकच संख्या आहे, एवढे पाहिले म्हणजे झाले.

चौथा दोष गुणगुणीचा. आपल्याकडील विद्युतप्रवाह ५० हर्ट्झचा असल्यामुळे तारांतून शिरलेला घुमारा ५०, १०० अशा पटींनी ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. घुमारा थांबला तर दोष चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या वाटेवर आहे, असे समजावे. मात्र त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कोणीही काढू नये. ध्वनी स्वच्छ करण्याच्या नादात जिवावर बेतावयाचे. अर्थिंग ठीक आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

उरलेली खरखर पुसण्यासाठी ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय असते. तिला आधी निव्वळ गोंगाटाचा एक तुकडा दाखवावा लागतो; त्यावरून ती तशा ध्वनींना सगळीकडे दाबून टाकते. भारतीय संगीतात येथे एक विशेष धोका आहे. गाण्यापूर्वीचा तुकडा म्हणून कोणी तानपुरा चालू असतानाचा भाग निवडला, तर सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजते आणि त्याबरोबर गळ्यातील षड्जही पोखरते. म्हणून तानपुरा छेडण्यापूर्वी, पंखा बंद करून, रिकाम्या खोलीचा दहा सेकंदांचा ध्वनी मुद्रित करून ठेवावा. आणि सफाईचा प्रयोग नेहमी प्रतीवर करावा, मूळ मुद्रणावर कधीही करू नये.

शेवटचा दोष ऐकू येत नाही, तो मुद्रणच गिळतो. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाची फाइल ही केवळ यादी असते. प्रत्यक्ष ध्वनी शेजारच्या फोल्डरमध्ये असतो. मार्च २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ऑडॅसिटीतही अशीच व्यवस्था होती. केवळ यादी पेनड्राइव्हवर नेणारा मनुष्य घरी पोहोचल्यावर रिकामे पट्टे पाहतो, आणि तोवर मूळ संगणक पुसला गेला असेल तर इलाज उरत नाही. दोन चॅनेलांचे, २४ बिटांचे, ४८,००० नमुन्यांचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. जुन्या पद्धतीच्या फॅट ३२ पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाही, हेही लक्षात असावे. दिवसाचे काम संपताच साधी वेव्ह फाइल काढून तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्या उघडून ऐकाव्यात. न ऐकलेली प्रत ही प्रत नव्हे.

एवढी दक्षता कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. विद्यार्थिनीचे गाणे आज बिघडले तर ती उद्या पुन्हा गाईल. परंतु प्रत्येक आवाजाला उद्या असतोच असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळशा गायिकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित झाल्या. जाते घरातून गेले, दळण गिरणीत गेले आणि त्या गायिकांपैकी काहींचे निधनही झाले. आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संग्रहात ज्या ओव्या ऐकावयास मिळतात, त्या कोणीतरी वेळीच मापकाकडे लक्ष दिले आणि फीत जपून ठेवली म्हणून मिळतात.

तेव्हा दोषांचे दोनच वर्ग करावेत. वेगाची चूक, बफरची चूक, चुकीचे जोडलेले हेडफोन हे परतणारे दोष होत. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. छाटलेला माथा, भलत्याच मायक्रोफोनने घेतलेला आवाज आणि हरवलेली फाइल हे न परतणारे दोष होत. त्यांचा बंदोबस्त लाल बटण दाबण्यापूर्वी व थांबविल्यानंतर लगेचच करावा लागतो. गावाकडच्या आजीला एखादे गाणे म्हणावयास सांगावयाचे असेल, तर आधी अर्ध्या मिनिटाचे चाचणी-मुद्रण घ्यावे, ते थांबवून हेडफोनवर ऐकावे आणि मगच तिला म्हणावे, आता म्हण.