भूमी किती, मशागत किती?



संगणकावरील खेळात हिंडण्यासाठी जी भूमी रचतात, तिचे गणित साधे पण कठोर आहे. लांबी आणि रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. तपशील तितकाच दाट ठेवायचा तर कामही चौपट. ते करायचे कोणी?

एक उत्तर यंत्राचे. 1996 सालच्या ‘डॅगरफॉल’मध्ये गावे, शहरे, भुयारे मिळून संख्या 15,000 च्या घरात होती, बहुतेक संगणकाने सूत्रांवरून जुळवलेली. दहा गावे पाहिली की अकरावे पाहिल्यासारखेच!

दुसरे उत्तर हातांचे. त्याच संस्थेने 2002 साली ‘मॉरोविंड’ काढला, तेव्हा एकच बेट घेतले आणि तेथील वस्तू माणसांनी एकेक करून मांडल्या. भूमी आकसली, पण वाट चुकण्यात गोडी आली.

तिसरा मार्ग घातक. भूमीही अफाट हवी, पानन्‌पान वेगळेही हवे. मुदत व माणसे मात्र ठरलेली. मग तूट भरून निघते कारागिरांच्या झोपेतून. 2018 साली ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’च्या एका प्रमुखाने आठवड्याला शंभर तास कामाचा उल्लेख केला. तो चार लेखकांपुरता, तीन आठवड्यांपुरता होता, असा खुलासा मागाहून झाला. तरी इतर कामगारांच्या जादा तासांच्या तक्रारी बाहेर आल्याच.

म्हणून माझे सांगणे एवढेच : नकाशा आखण्यापूर्वी हात मोजा, तास मोजा आणि मुदत ठरवताना काम करणाऱ्यालाही विचारा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते येथेही.