सेवामंडळाचे हजेरीपत्रक
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर म्हणून नोंदला गेलेला आणि बोलण्याच्या ओघात अजूनही आपण ज्याला नगरच म्हणतो, तो आपला जिल्हा सेवामंडळांनी संपन्न आहे. गावोगाव तरुण मंडळे आणि महिला मंडळे आहेत, मोठ्या गावी रोटरी व लायन्स यांच्या शाखा आहेत, आणि रक्तदान, नेत्रतपासणी, वह्यापुस्तकांचे वाटप, वृक्षारोपण, उन्हाळ्यातील पाणपोया असे त्यांचे उपक्रम वर्षभर चालू असतात. या कामी स्वतःचा पैसा, स्वतःची रजा आणि घरच्या माणसांच्या वाट्याचा वेळ खर्च करणारे लोक बहुतांशी निर्मळ मनाचे असतात, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र इतका सद्भाव उपलब्ध असताना काही मंडळांच्या कामाची खूण पंचवीस वर्षांनंतरही गावात सापडते आणि काहींची पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही, असे का व्हावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो: ज्या मंडळाच्या हजेरीपत्रकावर सेवा करणाराचे आणि सेवा घेणाराचे नाव एकाच पानावर लिहिलेले असते, त्याचेच काम मुरते.

परोपकाराची परंपरा या भूमीला नवी नाही. जामखेड तालुक्यातील चोंडी या लहानशा गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्रांत मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, आणि त्याचा खर्च दौलतीच्या महसुलावर न टाकता आपल्या खासगीतून केला. दानधर्माचा एवढा स्वच्छ जमाखर्च इतिहासात विरळा. परंतु त्यामागे एक खजिना होता आणि तो चालविणारी एक असामान्य बुद्धी होती. तुमच्या आमच्या मंडळापाशी यांपैकी काहीच नसते, म्हणून त्या थोर उदाहरणापुढे मस्तक नमवून आपल्याला आपला मार्ग निराळा शोधावा लागतो.

दुसरे उदाहरण पारनेरचे. एडिंबरोस शिकून आलेले, १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाने सेनापती ही पदवी पावलेले पांडुरंग महादेव बापट आपल्या जन्मगावी हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत असत. ज्या काळात झाडलोट हे जातीवर लादलेले काम होते, त्या काळात एका विद्वान ब्राह्मणाने ते नित्यनेम म्हणून पत्करणे ही क्रांतीच होती, आणि तिचे मोल मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. तथापि एकट्याचे व्रत व्रतस्थाबरोबर जाते. खराटा दुसऱ्या हातात आपोआप जात नाही. तो देण्याची रीत लावावी लागते, आणि ती रीत म्हणजेच मंडळ.

अशी रीत कशी लागते, हे पाहण्यासाठी पुन्हा जामखेडलाच जावे लागेल, आणि तेथे आज मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. राहुरीस जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, आपण ज्या रुग्णास बरे करून घरी पाठवितो तो त्याच गढूळ पाण्यापाशी आणि त्याच अर्धपोटी संसारात परत जातो, आणि यथावकाश तोच रोग घेऊन पुन्हा आपल्या दारी येतो. त्यानंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प मांडला. आल्याआल्या त्यांना जे कळले ते सेवाभावी माणसाला नेहमीच थोडे अवघड वाटणारे असते: लोकांना औषध हवे होते, पण त्याआधी त्यांना अन्न हवे होते, आणि अन्नाच्याही आधी पाणी. ७२ च्या दुष्काळाची छाया तेव्हा पडू लागली होती.

तेव्हा त्यांनी गावोगावच्या पुरुषांना एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला. पण एकत्र आणायचे कसे? चावडीवर बोलावले तर पाटील ओट्यावर आणि दलित अंगणाबाहेर, अशी बैठकीची व्यवस्था शतकानुशतके ठरलेली. आरोळ्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ गावात नेला. जाळीच्या या बाजूस सहा आणि त्या बाजूस सहा गडी उभे राहिले की चेंडू कोणाच्या हाताला लागून आला याची चौकशी कोणी करीत नाही. खेळ आटोपल्यावर घाम पुसत जे बोलणे निघे त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली, आणि ज्यांनी एकत्र चेंडू टोलविला होता तेच पुढे एकत्र बसून गावातील कुपोषित मुलांची यादी करू लागले, दुष्काळात त्यांच्यासाठी चाललेल्या अन्नछत्रास हात लावू लागले, आणि बांधबंदिस्तीच्या व झाडे लावण्याच्या कामावर जाऊ लागले. विंधनविहिरी खोदण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत वा तिच्या लगत घ्याव्यात अशी योजना आरोळ्यांनी केली. पाणी भरायला साऱ्या गावाने त्या वस्तीत यावे, असा त्यातील हेतू होता. व्याख्याने देऊन अस्पृश्यता जेवढी हटली असती, त्याहून अधिक ती त्या हातपंपाच्या दांड्याने हटविली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गावात राहून काम करण्यासाठी प्रथम शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या, पण तो प्रयोग रुजला नाही. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी असे ठरले. या बाया बहुधा प्रौढ, निरक्षर, पुष्कळशा दलित किंवा भूमिहीन घरांतल्या, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत आणि शिकलेले गावात नेत: बाळंतपण कसे करावे, जुलाबाने सुकलेल्या मुलास मीठ, साखर आणि पाणी किती प्रमाणात द्यावे, मुलाचे वजन महिन्यामागून महिना कसे नोंदावे. काल ज्यांच्यावर उपकार व्हायचे त्या आज गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली ही संख्या ५२ वर आली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानंतर तीन वर्षांनी अल्माअता येथे प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला, त्याच्या पूर्वतयारीत आपल्या जिल्ह्यातील या निरक्षर बायांचा वाटा आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले; काम मात्र चालू राहिले.

राळेगणसिद्धीची हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे मी ती थोडक्यात सांगतो. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या किसन बाबुराव हजारे यांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला, तेव्हा गावकरी कोणी लाकूड घेऊन आले, कोणी अंगमेहनत घेऊन. त्या मंदिराच्या ओट्यावर तरुण मंडळ जमले. दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, नाल्यांवर बांध पडले, श्रमदानाने शाळा उभी राहिली. दारू सोडविण्यासाठी खांबाला बांधून फटके देण्याचाही मार्ग तेथे अवलंबिला गेला, आणि त्याचे समर्थन मला करवत नाही. धाकाने घेतलेली शपथ ही सेवेची फलश्रुती होऊ शकत नाही. परंतु त्याच गावाने दलित कुटुंबांच्या डोक्यावरील कर्ज फेडण्यासाठी त्यांच्या शेतात जाऊन श्रमदान केले, हे मला त्या गावाच्या साऱ्या मानसन्मानांहून मोठे वाटते. ज्याच्या रानात आजवर मजुरीच्या नात्यानेही कोणी गेले नव्हते, किंबहुना जो स्वतःच दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होता, त्याच्या बांधावर गावचा मातबर शेतकरी कुदळ घेऊन उभा राहिला.

नगर शहरापासून जवळच असलेल्या हिवरे बाजारला १९८९ साली पोपटराव पवार हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही तेथील पंचसूत्री आता महाराष्ट्राला पाठ आहे. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात पर्जन्यमापकावरील आणि निरीक्षण विहिरींतील मोजमाप ग्रामसभेपुढे मांडले जाते आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यायची हे ठरते. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ऊस व केळी लावायची नाहीत, हे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले आहे.

श्रमदान हा शब्द आपण सहज उच्चारतो, म्हणून त्यातील एक बारीक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. डोंगरउतारावर समतल चर खोदायचा तर आधी फक्कीने रेघ आखतात, मग टिकावाने मुरूम फोडतात आणि फावड्याने तो घमेल्यात भरतात. निघालेली माती उताराच्या अंगाला टाकायची असते, म्हणजे तिचा बांध होतो आणि चर भरून वाहू लागला तरी पाणी अडते. शहरातून आलेला उत्साही मनुष्य ती हाताला सोयीची पडेल त्या बाजूला, पुष्कळदा वरच्या अंगाला टाकतो, आणि पहिल्याच वळवात ती सारी परत चरात येते. शेजारी खोदणारा गावचा शेतकरी म्हणतो, ‘दादा, माती खालच्या अंगाला घ्या’, आणि एवढ्या चार शब्दांत कोण कोणाची सेवा करीत आहे याचा हिशेब बदलून जातो. ज्या श्रमदानाच्या रेघेवर हा शेतकरी नसतो, जेथे पाहुणेच खोदतात आणि पाहुणेच पाहतात, तेथील चर मी ओळीने बुजलेले पाहिले आहेत.

आता शहरी सेवामंडळांविषयी. १९०५ साली शिकागोत निघालेली रोटरी आणि १९१७ साली तेथेच निघालेली लायन्स या दोन्ही संस्था व्यापारी व व्यावसायिक मंडळींच्या. त्यांच्या बैठकींची वेळ, भाषा आणि वर्गणी हीही त्याच वर्गाच्या सोयीची आहेत. त्यांनी कार्य मात्र फार मोठे केले. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी आवाहन केले, तेव्हापासून नेत्रसेवा हे त्या संस्थेचे ब्रीदच झाले. पोलिओच्या निर्मूलनाचे कंकण रोटरीने १९८५ साली बांधले. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या यशात शाखाशाखांतून गोळा झालेल्या निधीचे श्रेय आहेच, पण दारोदार फिरून मुलाच्या करंगळीवर शाईची खूण करणाऱ्या अंगणवाडीताईचे आणि ‘पलीकडच्या पालावर दोन मुले राहिली आहेत’ असे तिला सांगणाऱ्या शेजारणीचे श्रेय त्याहून कमी नाही.

नेत्रशिबिराचेच पाहा. शिबिराच्या दिवशी मंडप असतो, फलक असतो, पाहुणे असतात, आणि मोतीबिंदूचे रुग्ण गाडीत घालून शस्त्रक्रियेला नेण्यापर्यंत सारे यथासांग पार पडते. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, आजीबाईंना नात स्पष्ट दिसते, छायाचित्र निघते. त्यानंतरचे काही आठवडे दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालायचे असतात, चुलीच्या धुरापासून आणि डोक्यावरून घेतलेल्या पाण्यापासून डोळा जपायचा असतो, आणि तपासणीसाठी ठरल्या दिवशी परत जायचे असते. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या डोळ्यांत हे थेंब कोणी घालायचे? शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारे मंडळ या प्रश्नापाशी बहुधा पोहोचतच नाही, कारण त्या वस्तीवरचा एकही इसम त्याच्या बैठकीत नसतो. जो असता तो शिबिराच्या आधीच म्हणाला असता की, शेजारची सातवीतली मुलगी शाळेत जाण्यापूर्वी आणि आल्यावर येऊन थेंब घालील, दुपारचे मी पाहतो, तपासणीला माझ्या दुचाकीवरून नेतो. ही व्यवस्था फुकट आहे आणि अनमोल आहे, आणि ती कोणत्याही देणगीदाराकडून मिळत नाही.

कोणी म्हणेल, गरीब माणसाला मंडळावर घेऊन त्याच्या रोजगाराचा खोळंबा कशाला करायचा? आक्षेप सहानुभूतीचा आहे, पण जामखेडच्या बायांनी तो खोटा ठरविला आहे. रोजगार बुडत होता, घरातून विरोध होत होता, तरी त्या दर आठवड्याला येत राहिल्या. कारण तेथे त्यांना काही मिळत होते त्याहून अधिक, त्यांच्याकडून काही घेतले जात होते. आपल्यापाशी देण्याजोगे काही आहे हे ज्याला आयुष्यात कधी कोणी सांगितलेच नाही, त्याला ते सांगणे ही सेवामंडळाच्या हातची सर्वांत मोठी देणगी आहे, असे मी मानतो.

या सभागृहात निरनिराळ्या मंडळांचे पदाधिकारी बसलेले आहेत, म्हणून त्यांच्यापाशी दोन मागण्या करून मी आपली रजा घेतो. यंदाच्या पदग्रहणापूर्वी, ज्या वस्तीसाठी तुम्ही काम करता तेथील निदान दोन व्यक्ती, आणि त्यांतली एक स्त्री, वर्गणी माफ करून कार्यकारिणीवर घ्या, आणि बैठक अशा वेळी व अशा ठिकाणी ठेवा की धारा काढून झाल्यावर त्यांना पायी येता येईल. आणि वर्षाचा अहवाल छापाल तेव्हा किती चष्मे वाटले याच्या खाली हेही छापा की, मागील वर्षी ज्यांना मंडळाने मदत केली त्यांच्यापैकी किती जण यंदा मंडळाच्या कामावर हजर होते.