दादा, जेवलास का?



१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे आम्ही नवराबायको गाव सोडून बजाजनगरात आलो. आमची रात्रपाळी असे. पहाटे आम्ही कडी वाजवायच्या आतच ही दार उघडायची.

आता हिला आमचे नाव आठवत नाही. आम्हाला दादा म्हणते. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. तो कधीच वारला.

कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणाले, वेड लागले. तसे काही नाही. हा मेंदूचा आजार आहे. १९०६ साली अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो प्रथम सांगितला. त्यांचेच नाव आजाराला पडले. गोळ्यांनी काहींना थोडे बरे वाटते. आजार मात्र जात नाही.

एका दुपारी आमचा डोळा लागला. ही बाहेर पडली. दिवे लागले तरी पत्ता नाही. शेवटी छोट्या पंढरपूरला, विठोबाच्या देवळापाशी सापडली. एका फूलवालीने हिला जवळ बसवून घेतले होते. आम्ही हिच्यावर खेकसलो. ही भ्याली.

त्या रात्री झोप लागेना. फूलवालीचे उपकार तर झालेच. पण हिचे? हिने वर्षानुवर्षे आमची वाट पाहिली. आम्हाला एक सांज धीर धरवला नाही!

आता हिच्या पदराला चिठ्ठी शिवली आहे. नाव, पत्ता, फोन. आमच्या हाताने लिहिली आहे.

काल हिला भरवत होतो. हिने भाकरीचा तुकडा मोडून आमच्यापुढं धरला.

"दादा, तू जेवलास का रे?"

आम्ही तो घास खाल्ला.