रत्नागिरीची दोन घरे
(मैंदर्गी येथील समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मैंदर्गीच्या काळ्या मातीत उभे राहून मी आज समुद्रकाठच्या रत्नागिरीविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. आपला मुलूख पावसाची वाट पाहणारा. तो मुलूख पावसात बुडालेला. आपली घरे माळवदाची; तेथील घरे जांभ्या दगडाची आणि उतरत्या कौलांची. परंतु तेथे पाहिलेल्या दोन घरांनी मला आपल्याच घरांचा विचार करावयास लावले, म्हणून हा विषय.

रत्नागिरी हे जुने बंदर. त्याच्या राखणीसाठी समुद्रात शिरलेल्या भूशिरावर रत्नदुर्ग उभा आहे. या शहरातील दोन घरे आज शासनाने संरक्षित केलेली आहेत. पहिले घर राजाचे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाच्या थिबा राजास पदच्युत केले आणि पुढील वर्षी त्यास रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला तीन मजली राजवाडा १९१० साली पुरा झाला. लाकडी कोरीव कामाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा तो प्रासाद भव्य खरा. पण तो बंदिवानाचा प्रासाद होता. १९१६ साली राजाने रत्नागिरीतच देह ठेवला. मायदेशाचे दर्शन त्यास पुन्हा घडले नाही.

दुसरे घर एका शिक्षकाचे. टिळक आळीतील हे साधे कौलारू घर. गंगाधरपंत टिळक तेथे भाडेकरू म्हणून राहात असत. २३ जुलै १८५६ रोजी त्याच घरी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. १८६६ साली वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्यास गेले.

आता दैवगती पाहा. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना पाठविले ते मंडालेस. १९१४ पर्यंत मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, असे दोघेही एकाच सत्तेचे बंदी होते. राजाला राजवाडा मिळाला, लोकमान्यांना कोठडी मिळाली. आणि त्या कोठडीतच ‘गीतारहस्य’ लिहिले गेले.

आपण लक्षात घ्यावे ते हे की, राजवाडा त्याच्या भव्यतेमुळे जपला गेला असे क्षणभर मानले, तरी त्या भाड्याच्या घराला भव्यता कोठून आणावी? त्यासारखी घरे कोकणात गावोगाव असतील. ते टिकले, कारण त्यात कोण राहिले हे लोकांनी ध्यानात ठेवले. घर दगडमातीने उभे राहते. पण ते राखले जाते आठवणीने.

येथे मला आपलाच एक दोष कबूल केला पाहिजे. आमचा वाडा याच गावात होता. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बळदातील ज्वारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मापून दिली आणि तिची नोंद एका चोपडीत ठेवली, हे मी लहानपणी ऐकले होते. पुढे वाटण्या झाल्या, भाऊबंद सोलापूर-पुण्यास पांगले, दोन पावसाळ्यांत माळवद खचले आणि वाडा उतरविण्याचे ठरले. तुळया लाकडाच्या भावाने गेल्या, चोपड्या रद्दीच्या भावाने गेल्या. निर्णय एकमताने झाला आणि त्या एकमतात मीही होतो. आज नातू विचारतो, “ज्वारी कोणाकोणाला दिली होती?” त्याला देण्यास माझ्यापाशी उत्तर नाही.

सर्वच वाडे राखा, असे मी सांगणार नाही. पांढऱ्या मातीची डागडुजी दर उन्हाळ्यास करावी लागते आणि ती जाणणारे हात आता कमी झाले. पोटासाठी परगावी गेलेल्यांनी कुलूपबंद घराचा खर्च किती काळ सोसावा? शासनही प्रत्येक घर संरक्षित करू शकणार नाही. परंतु मोडावयाचेच असेल, तर लिहून ठेवून मोडा. चौकटीवर शक कोरलेला असेल तर तो उतरवून घ्या. सोपा, देवघर, बळद यांची मापे घेऊन नकाशा काढा, छायाचित्रे घ्या. घरातील वृद्ध मातांना विचारा, मग त्या मराठीत सांगोत वा कानडीत. कारण दस्तऐवजात पुरुषांची नावे असतात, घराची हकीकत मात्र त्यांच्यापाशीच असते. आणि जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची एक पानभर माहिती द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिले पान माझे असेल. त्यात ज्वारी नेणाऱ्यांच्या नावांची जागा मी कोरी ठेवणार आहे. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी ती आठवण शिल्लक असेल, तर त्यांनी ती भरून द्यावी.