मोबदला, मुद्दल आणि समाज

(पापडी येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नव्हेत. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो. वीस वर्षे लोकांची पासबुके भरली. तेव्हा जे बोलणार आहोत ते व्यासंगातून कमी आणि काउंटरवरून अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जमीन गेली की पैसा येतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग यांसाठी आपल्या वसई-पालघर भागात जमिनी संपादित झाल्या. मोबदल्याचे धनादेश घेऊन आलेली माणसे आम्ही पाहिली. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर आनंद असतो. मग गाडी येते, घरावर मजला चढतो, थाटामाटात लग्न होते. काही वर्षांनी तोच माणूस शिल्लक विचारायला येतो, तेव्हा आकडा मोठ्याने सांगायला आम्हालाच संकोच वाटतो.

दुसऱ्याचे कशाला? आमच्याच नात्यातील एका घरात जमिनीचे पैसे आले. भावाभावांनी ते एका बैठकीत वाटून घेतले. वाटणीचा हिशोब आम्हीच करून दिला. नफ्यातोट्याचा एक शब्दही बोललो नाही. आज त्या घरात जमीनही नाही आणि पैसाही नाही. बँकेत बसून घरच्यांना दोन शब्द सांगता आले नाहीत, ही खंत आजही मनात आहे.

मित्रहो, जमिनीच्या बाबतीत आपला इतिहास वेगळा आहे. गावकीच्या राबणुकीपोटी वतनाचा तुकडा मिळे आणि त्या तुकड्यापायी माणूस गावाचा बांधील होई. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हा फास सोडवण्यासाठी. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत देण्यात आल्या. आज त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला कितीतरी वारस दिसतात. मोबदला जाहीर झाला की वारसांचे वाद सुरू होतात आणि रक्कम अडकून पडते. जे हाती येते ते इतके तुकडे होऊन येते की त्यातून काही उभे राहत नाही.

मग उपाय काय? थोडे दूर पाहू. ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांचा भूमीवर हक्कच नव्हता, असे कायदा दोनशे वर्षे मानत आला. एडी माबो आणि त्यांच्या साथीदारांनी हा दावा न्यायालयात नेला. 1992 च्या जून महिन्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो ऐकायला माबो हयात नव्हते. 1993 साली कायदा झाला. आता खाणकंपनीशी करार झाला तर हक्क सांभाळणारी आणि करार करणारी असते ती समाजाची नोंदणीकृत संस्था. अशा संस्थांसाठी 2006 साली स्वतंत्र कायदा झाला, त्यांच्यावर निबंधक आहे. सगळे आलबेल आहे असे नाही. सभासद कोण, वाटा कुणाचा, वकील-सल्लागारांची फी किती, यावरून तेथेही भांडणे आहेत. पण पैसा एकाच्या खिशात न जाता समाजाच्या खात्यात यावा, हे तत्त्व तेथे रुजले.

आपल्या महाराष्ट्रातही असे गाव आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासी गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. श्री. देवाजी तोफा आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती! त्यासाठी गाव भांडले. अखेर 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश आणि मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

आम्हाला बँकेचा माणूस म्हणून कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. ग्रामसभेने पॅन कार्ड काढले. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. अवघड विषय आधी अभ्यासगटात समजून घेतात, मग सभेत ठरवतात. 2013 मध्ये तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. कसणे ज्याचे त्याच्याकडेच. म्हणजे एखाद्याला अडचणीत गाठून जमीन लाटण्याची वाट बंद.

कुणी म्हणेल, हे जंगलातले झाले, आपला काय संबंध? बंधूंनो, ही कल्पना आपल्याच वारशात आहे. आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात आहे. तेथे नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी भिक्खूसंघासाठी 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आम्ही हिशोब केला. 2000 चे वर्षाचे व्याज 240. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशोब पैशालाही चुकत नाही! याला ‘अक्षयनीवी’ म्हणतात. आणि हा व्यवहार गुपचूप झाला नाही, तो नगराच्या सभेत ऐकवून नोंदवला गेला.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर पापडी नाक्यावरच पाहा. 1918 साली वसईच्या कॅथॉलिक समाजाने काढलेली पतसंस्था आज बेसिन कॅथॉलिक बँक म्हणून उभी आहे. शेजाऱ्याचा हेवा करण्यापेक्षा त्याच्याकडून शिकावे.

आमचे म्हणणे एवढेच. कुणाच्या मोबदल्यावर संस्थेने हक्क सांगू नये. तो पैसा ज्याचा त्याचा. पण सभासदाच्या घरी धनादेश येण्याआधी त्याच्याजवळ बसून बोलणारी चार जाणती माणसे संस्थेत असावीत. घरातील स्त्रियांना त्या बोलण्यात बसवावे. खात्यावर त्यांचेही नाव असावे. निम्मी तरी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, मुलांचे शिक्षण व्याजातून व्हावे. जे स्वेच्छेने देतील त्यांच्या देणगीतून संस्थेने शिष्यवृत्तीचा निधी उभारावा. त्याचे मुद्दल मोडण्याचा अधिकार कार्यकारिणीला नसावा, आणि दरवर्षी हिशोब सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. हिशोब विचारणे हा अपमान नव्हे, ही सवय लागली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून एक अपेक्षा. तुम्ही सातबारा वाचायला शिका. घरातला उतारा काढून आणा, वारसांची नावे नीट लागली आहेत का ते पाहा, आजोबांना विचारा. मोबदल्याची नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज एक दुपार तलाठी कार्यालयात घालवलेली बरी. आमच्या नात्यातील त्या घरात तेव्हा असा एक जरी शिकलेला पोरगा बोलला असता, तर आज चित्र वेगळे दिसले असते. तेथे शिकलेले आम्हीच होतो, आणि आम्ही गप्प बसलो. तुम्ही गप्प बसू नका.



जयभीम! नमो बुद्धाय!