हरवलेला पाचवा पाय

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. माझ्या हातून एका प्राण्याचा पाय हरवला. प्राणी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, त्यामुळे पाय केवढा असेल ते विचारूच नका.

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत दोन कणांच्या मधे पाण्याने भरलेली जागा असते ना, तिथे कोळंबी-खेकड्यांच्या भावकीतले बारके जीव राहतात. त्यांच्यात सगळ्यात जास्त सापडतात ते हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड. चिंचोळ्या जागेतून सरकता यावं म्हणून त्यातल्या अनेकांचं अंग अळीसारखं लांबट असतं. १९४३ साली अमेरिकेत पेनाक आणि झिन या दोघांनी किनाऱ्याच्या वाळूतून निघालेल्या अशाच एका प्राण्याचं वर्णन केलं. तो इतका वेगळा होता की त्याच्यासाठी आख्खा नवा गट करावा लागला, मिस्टॅकोकॅरिडा. लोक ज्या वाळूवर टॉवेल अंथरतात, तसल्या वाळूतून!

यांना पकडायला लागते एक बादली. ओहोटीला खड्डा खणायचा, वाळू बादलीत घ्यायची, गोडं पाणी ओतून ढवळायचं. गोड्या पाण्याचा धक्का बसला की त्यांची कणांवरची पकड सुटते. वाळू तळाला बसते न बसते तोच वरचं पाणी बारीक जाळीतून गाळायचं. जाळीवर उरेल ते अल्कोहोलमध्ये.

असंच कोकणातल्या एका छोट्या पुळणीवरून मी पाच जण आणले. चार माद्या, एक नर. जुने पेपर काढून एकेक केस, एकेक काटा ताडून पाहिला. कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळेना. रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

नवी जात मांडायची तर तिचे अवयव सुटे करून काढावे लागतात. ग्लिसरिनच्या थेंबात प्राणी ठेवायचा, टंगस्टनच्या सुईने एकेक पाय वेगळा करायचा, वर काच ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. हो, आपलं दुकानातलंच नेलपॉलिश! मग सूक्ष्मदर्शकातून बघत चित्र काढायचं. नर-मादीचा पाचवा पाय वेगवेगळा असतो, त्यामुळे तो फार महत्त्वाचा. आणि माझ्या एकुलत्या एक नराचा तोच पाय काच ठेवताना निसटला. दोन दिवस शोधला. नाही तो नाहीच.

सर एवढंच म्हणाले, "पावसाळा गेला की परत जा, दुसरा नर आण."

गेले. पुळणीच्या जागी दगडी बंधारा उभा होता. समुद्र आत येत होता, वरच्या घरांना भीती होती, त्यामुळे गावाचंही चुकलं म्हणवत नाही. दगडांच्या पायाशी हातभर वाळू उरली होती. तिच्यातून वीस बाटल्या भरल्या. इतर कोपेपॉड मिळाले, आपला मात्र एकही नाही.

यांची पिल्लंही वाळूतच वाढतात, लाटांवर स्वार होऊन दूर जात नाहीत. म्हणून शेजारच्या पुळणीवर ती असतीलच असं धरून चालता येत नाही. तरी तिथेही खणणार आहे.

पण आता थांबणार नाही. माद्यांवरूनच वर्णन लिहायला घेतलंय. एक मादी अख्खी ठेवलीय, ती होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव जिच्याशी कायमचं बांधलं जाईल तो नमुना. ती संग्रहालयात जाईल. नराबद्दल स्पष्ट लिहीन: पाचवा पाय उपलब्ध नाही, चूक माझी. पुढे कुणाला नर सापडला तर त्याने ती ओळ पुरी करावी.

कारण नावच नसेल तर बंधारा बांधताना इथे कोण राहत होतं, हे कुठल्या यादीत लिहिणार? जी जात कागदावर आलीच नाही, ती गेली तरी कुणाला कळत नाही.

पुढच्या वेळी समुद्रावर गेलात की ओल्या वाळूची एक मूठ उचलून बघा. दिसणार काहीच नाही. पण मूठ रिकामी नसेल. भेटूया पुढच्या भागात!